वस्तुमान आणि वजन : एका चुकलेल्या उत्तराची दुरुस्ती



या वेळचे अभ्यासाचे पान मी एका कबुलीने सुरू करतो. आमच्या वसतिगृहात रोज संध्याकाळी सात ते नऊ अभ्यासवर्ग असतो. गेल्या वर्षी दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवायला कोणी मिळाले नाही, म्हणून ते काम मी घेतले. माझे शिक्षण कला शाखेचे, आणि त्यानंतर ईश्वरविज्ञानाची पदविका. विज्ञानाचे पुस्तक मी पंचवीस वर्षांनी पुन्हा हातात धरत होतो. गुरुत्वाकर्षणाच्या पाठात ‘वस्तुमान’ आणि ‘वजन’ असे दोन शब्द आले, तेव्हा मी मुलांना अगदी ठामपणे सांगितले, “वजनालाच शास्त्रज्ञ वस्तुमान म्हणतात. पुस्तकी शब्द आहे, एवढेच.”

सहामाही परीक्षेत प्रश्न आला, ‘वस्तुमान व वजन यांतील फरक स्पष्ट करा.’ आमच्या एका मुलीने उत्तर लिहिले, ‘काही फरक नाही. वस्तुमान हा पुस्तकी शब्द आहे.’ माझेच वाक्य, जसेच्या तसे. त्याला शून्य मिळाले. पुढच्या उदाहरणात तिने ४० किलोग्रॅम हेच वजन धरून गणित केले, तेही चुकले. विज्ञानात ती तीन गुणांनी नापास झाली.

ती तपासलेला पेपर घेऊन माझ्या खोलीच्या दारात आली. काही बोलली नाही. त्या ओळीवर बोट ठेवून उभी राहिली. तिच्या घरातून दहावीपर्यंत पोहोचलेली ती पहिलीच. मोठा भाऊ नववीत नापास झाला, तेव्हा मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेला आणि मग शाळेत परतलाच नाही. सहामाहीचा निकाल घरी गेला की तिच्याबद्दलही तोच विचार सुरू होणार, हे तिला ठाऊक होते आणि मलाही. मी तिला म्हणालो, “बाळ, चूक तुझी नाही, माझी आहे. मला आठवडाभर दे.”

तालुक्याच्या गावी एक निवृत्त शिक्षक राहतात. लागोपाठ दोन रविवारी दुपारी मी त्यांच्या ओट्यावर बसून नववी-दहावीचे हे दोन पाठ शिकलो. आठवडा मागितला होता, दोन लागले. जे समजले ते येथे लिहितो. विद्यार्थ्यांसाठी तर लिहितोच, पण अंगणवाडीच्या ताई, वसतिगृहांचे अधीक्षक आणि बाजारात माल घेऊन जाणारे आपले लोक यांनाही ते उपयोगी पडेल.

गुरुजींनी सुरुवात पुस्तकाने केली नाही. त्यांनी विचारले, “तुम्ही नर्मदेकाठच्या पाड्यांवर होडीने जाता ना? भरलेली होडी ढकलली आहे कधी?”

ढकलली आहे. सरदार सरोवराचे पाणी चढल्यापासून धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या काठच्या गावांना जाताना होडीशी आमचा नेहमीच संबंध येतो. रिकामी होडी काठावरून एका हाताने सरकते. तीच होडी धान्याच्या पोत्यांनी भरली की दोघांनी खांदा लावून रेटावे लागते, तेव्हा कुठे ती सावकाश हलू लागते. एकदा चालू लागली की थांबवणे त्याहून अवघड. रिकामी होडी काठाला लागताना पाय लावून थोपवता येते. भरलेल्या होडीला कोणी तसा पाय लावू नये, हाड मोडेल.

“आता सांगा,” गुरुजी म्हणाले, “होडी उचलायची होती का तुम्हाला? नाही. तिचा सगळा भार पाण्याने पेललेला आहे. तुम्ही तिला आडवी ढकलत होतात. मग ती जड का लागली?”

माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर असे आहे. प्रत्येक वस्तूत काही एक द्रव्य साठलेले असते. त्या द्रव्यसंचयाचे माप म्हणजे वस्तुमान. वस्तुमान जितके जास्त, तितकी ती वस्तू आपली स्थिती बदलायला नाखूश. थांबलेली असेल तर हलायला तयार नाही, चालत असेल तर थांबायला तयार नाही. या नाखुशीला विज्ञानात जडत्व म्हणतात. भरलेल्या होडीत पोत्यांचे द्रव्य वाढले, म्हणून तिचे जडत्व वाढले, म्हणून ती ढकलायला जड झाली. यात पृथ्वीच्या ओढीचा काही संबंध नाही. (पाणीही थोडे अडवते, हे खरे. पण होडी अजून जागची हललीच नाही, त्या पहिल्या रेट्याला पाण्याची अडवणूक फारच कमी असते.)

आणि वजन? तेच पोते काठावर उतरवून डोक्यावर घ्या. आता मानेवर जो दाब येतो तो वेगळ्या कारणाने. पृथ्वी त्या पोत्याला आपल्याकडे, खाली ओढते आहे आणि आपण मध्ये उभे आहोत. या ओढीला, म्हणजे त्या वस्तूवर लागणाऱ्या पृथ्वीच्या गुरुत्वीय बलाला, वजन म्हणतात. वस्तुमान हे वस्तूचे स्वतःचे. वजन हे वस्तू आणि पृथ्वी या दोघांमधले. पृथ्वीच्या जागी दुसरे कोणी आले, किंवा पृथ्वीपासून अंतर बदलले, तर वजन बदलते. पोत्यातले दाणे मात्र तेवढेच राहतात.

येथे आपली भाषाही थोडी फसवते. ‘उचलायला जड’ आणि ‘ढकलायला जड’ या दोन्हींना आपण ‘जड’ हा एकच शब्द वापरतो. पहिले जड वजनामुळे, दुसरे जड वस्तुमानामुळे. जमिनीवर राहणाऱ्या माणसाला हे दोन्ही अनुभव नेहमी जोडीने येतात. जे उचलायला जड ते ढकलायलाही जड. म्हणून दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे हजारो वर्षे कोणाच्या लक्षातही आले नाही, तर माझ्यासारख्याच्या काय येणार, असे मी स्वतःचे समाधान करून घेतले.

दोघांचा हिशेब जोडणारे सूत्र दहावीच्या मुलांनी पाठ नव्हे, समजून करावे :

वजन = वस्तुमान × गुरुत्व त्वरण

गुरुत्व त्वरण म्हणजे हातातून सोडलेल्या वस्तूचा वेग दर सेकंदाला कितीने वाढतो ते. पृथ्वीच्या पृष्ठभागावर तो सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. वस्तुमान किलोग्रॅममध्ये मोजतात. वजन हे बल आहे, म्हणून ते न्यूटनमध्ये मोजतात. न्यूटन किती मोठा, याचा अंदाज हवा असेल तर शंभर ग्रॅमचा एक पेरू तळहातावर ठेवा. तळहातावर जाणवणारी ती ओढ म्हणजे जवळजवळ एक न्यूटन.

आता आमच्या मुलीचे चुकलेले गणित. वस्तुमान ४० किलोग्रॅम. म्हणून पृथ्वीवर वजन ४० × ९.८ = ३९२ न्यूटन. चंद्रावरचे गुरुत्व त्वरण सुमारे १.६२, पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश. म्हणून चंद्रावर वजन ४० × १.६२, म्हणजे सुमारे ६५ न्यूटन. वस्तुमान दोन्हीकडे ४० किलोग्रॅमच. वर्गात हे सांगितल्यावर एका मुलाने विचारले, “सर, चंद्रावर गेल्यावर ती बारीक होईल का?” सगळे हसले, पण प्रश्न नेमका होता. बारीक होणार नाही. तिच्या अंगातले हाडमांस कमी झालेले नाही, तिला खाली ओढणारे बळ कमी झाले आहे.

याचे आपल्याच देशाचे उदाहरण घ्यावे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. त्यातून ‘प्रज्ञान’ नावाची जी लहान गाडी बाहेर आली तिचे वस्तुमान २६ किलोग्रॅम. श्रीहरिकोट्याला तिचे वजन सुमारे २५५ न्यूटन होते, चंद्रावर ते ४२ न्यूटन झाले. पण तिच्या चाकांच्या मोटारींना गाडी सुरू करताना जे रेटायचे होते ते २६ किलोग्रॅमच. मातीत रुतण्याचा प्रश्न वजनाचा आणि वेग घेण्याचा प्रश्न वस्तुमानाचा.

मग आपण रोज ‘वजन चाळीस किलो’ म्हणतो ते चूक का? व्यवहारात चूक नाही. आपण सारे एकाच पृथ्वीवर राहतो, त्यामुळे ओढीवरून द्रव्याचा अंदाज बरोबर येतो. हा गोंधळ केवळ आपल्या बाजारातच नव्हता. १९०१ साली पॅरिसला वजनमापांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तेव्हा तिला मुद्दाम जाहीर करावे लागले की किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे, आणि ‘वजन’ हा शब्द बल या अर्थाचा आहे. तोवर शिकलेले लोकही दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरत होते. तो किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ सेव्र येथे जपलेला प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रधातूचा एक लहानसा दंडगोल. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या त्या दंडगोलावरून न करता निसर्गातल्या एका स्थिर संख्येवरून करतात. बाजारातल्या किलोत त्यामुळे काही फरक पडलेला नाही.

आता काट्यांकडे येऊ. मला या अभ्यासात सर्वांत जास्त गोडी येथेच लागली.

आठवडे बाजारात मोहफुले, चारोळी, डिंक घेऊन आपले लोक बसतात. व्यापाऱ्याकडे दोन पारड्यांची तागडी असते, किंवा हुकाला पिशवी अडकवायचा ताणकाटा, किंवा हल्ली बॅटरीवरचा इलेक्ट्रॉनिक काटा. तागडी आणि ताणकाटा यांचे काम मुळातच वेगळे आहे. तागडी एका पारड्यातल्या मालाची दुसऱ्या पारड्यातल्या मापाशी तुलना करते. पृथ्वी दोन्ही पारडी सारखीच ओढते. ही तागडी चंद्रावर नेली तर दोन्हीकडची ओढ सारखीच कमी होईल, आणि पाच किलो मोहफुले तेथेही पाच किलोच भरतील. म्हणजे तागडी वस्तुमान मोजते. ताणकाट्यात तुलनेला दुसरे काही नसते. आत स्प्रिंग असते, माल तिला खाली ताणतो, आणि किती ताणली ते काटा दाखवतो. म्हणजे ताणकाटा ओढ मोजतो, वजन मोजतो. त्याच्या तबकडीवर किलोचे आकडे छापलेले असतात, पण ते पृथ्वीवरच्या ओढीच्या हिशेबाने. चंद्रावर हाच काटा चाळीस किलोच्या मुलीला साडेसहा किलो दाखवील. इलेक्ट्रॉनिक काटाही आतून दाबच मोजतो, म्हणून तो याच जातीचा.

पृथ्वीवरही ओढ सगळीकडे अगदी सारखी नाही. विषुववृत्तावर गुरुत्व त्वरण ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते, ही त्याची दोन कारणे. हे पहिल्यांदा लक्षात आले ते एका घड्याळामुळे. १६७२ साली झाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ विषुववृत्ताजवळच्या कायेन या गावी गेला. पॅरिसला बिनचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाला दोन-अडीच मिनिटे मागे पडू लागले. घड्याळ बिघडले नव्हते. लंबकाला खाली ओढणारे बळ तेथे किंचित कमी होते, म्हणून तो सावकाश झुलत होता. पुढे न्यूटनने पृथ्वीचा आकार ठरवताना या निरीक्षणाचा उपयोग केला.

या फरकाचा हिशेब असा, की विषुववृत्तावर बरोबर लावलेला ताणकाटा ध्रुवावर नेला, तर पन्नास किलोचे पोते सुमारे पाव किलो जास्त दाखवील. तागडी मात्र दोन्हीकडे पन्नासच. आपल्या भागात हा फरक नगण्य आहे. समुद्रकाठाहून तोरणमाळला चढलो, म्हणजे सुमारे ११५० मीटर, तरी पन्नास किलोमागे वीस ग्रॅमचाही फरक पडत नाही. तेव्हा ‘डोंगरावर माल हलका भरतो’ असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. माल हलका भरला असेल तर कारण पृथ्वी नाही. काटा मारला गेला आहे.

आणि काटा मारायच्या तऱ्हा काट्याच्या जातीप्रमाणे बदलतात. ताणकाट्यावर आणि इलेक्ट्रॉनिक काट्यावर माल ठेवण्यापूर्वी शून्य पाहावे. विकताना काटा शून्याच्या मागे असेल तर तेवढा माल फुकट गेला. तागडीला रिकामी असताना दांडी आडवी सरळ दिसली तरी ती खरी असेलच असे नाही. दांडीच्या मधल्या टेकूपासून दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या नसतील, तर रिकामी तागडी पारड्यांच्या कमीजास्त भाराने सरळ ठेवता येते आणि माल घातल्यावर ती खोटे बोलते. त्यावर उपाय सोपा आहे. माल आणि मापे यांची पारडी बदलून पुन्हा मोजायला सांगावे. दोन्ही वेळा आकडा सारखा आला तर तागडी खरी. एकदा ८ किलो आणि एकदा साडेबारा किलो आले (इतकी उघड लबाडी कोणी करत नाही, हिशेब सोपा जावा म्हणून हे आकडे), तर खरे वस्तुमान दोघांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, म्हणजे बरोबर १० किलो. सरासरी काढली तर सव्वादहा येईल, ती चूक. मापांच्या तळाला वैधमापन खात्याचा शिक्का असतो, तोही पाहायला मागण्याचा आपल्याला हक्क आहे. पवित्र शास्त्राच्या वाचकांना अनुवादाचा पंचविसावा अध्याय आठवेल. पिशवीत एक जड आणि एक हलके अशी दोन मापे बाळगू नयेत, असा नियम तेथे आहे. त्या काळी मापे म्हणजे दगडच असत, आणि तागडीचे काम द्रव्याची तुलना हे तेव्हापासून तसेच आहे.

आता अंगणवाडीची गोष्ट सांगतो. या सगळ्या अभ्यासाचे मोल मला तेथे कळले.

गुरुजींकडून परत आलो त्याच आठवड्यात मी एका पाड्यावर मुलांच्या तपासणीला गेलो होतो. अंगणवाडीत आढ्याला गोल तबकडीचा ताणकाटा टांगलेला, पंचवीस किलोपर्यंतचा, त्याच्या हुकाला कापडी झोळी. ताई मुले मोजून वहीत लिहीत होत्या. एका आईने बरोबर एक वर्षाची मुलगी आणली. झोळीत घालताच मुलीने रडून हातपाय झाडायला सुरुवात केली. काटा साडेसहावर गेला, आठवर गेला, पुन्हा सातच्या खाली आला. आई घाबरून म्हणाली, “ताई, यातला खरा कोणता?”

एरवी मी या प्रश्नाकडे लक्षही दिले नसते. पण डोक्यात तोच विषय होता. मुलीतले द्रव्य त्या अर्ध्या मिनिटात कमीजास्त झालेले नव्हते. वस्तुमान एकच होते. ती अंग वर उसळवायची तेव्हा झोळीवर जास्त रेटा यायचा आणि स्प्रिंग जास्त ताणली जायची. अंग खाली येताना ताण कमी व्हायचा. काटा त्या क्षणाचे बळ दाखवत होता, मुलगी दाखवत नव्हता. ती शांत झाली की झोळीवरचा ताण आणि पृथ्वीची ओढ बरोबर होतात, आणि तेव्हाचा आकडाच तिच्या वस्तुमानाचा विश्वासू साक्षीदार. आम्ही थांबलो. आईने समोर येऊन तिच्याशी बोलत राहायचे ठरले. काटा स्थिरावला तो ७.२ किलोवर.

ताई लिहायला लागल्या. मी म्हणालो, “ताई, मूल काढून झोळी तशीच राहू द्या.” रिकामी झोळी लटकत होती आणि काटा शून्यावर नव्हता. तो ३०० ग्रॅमवर होता. पृथ्वी मुलीला ओढते तशीच झोळीलाही ओढते आणि स्प्रिंगला या दोन ओढी वेगळ्या कळत नाहीत. झोळी नवी, जाड कापडाची शिवून घेतलेली होती. जुन्या पातळ झोळीवर लावलेले शून्य तसेच राहिले होते.

म्हणजे मुलगी ६.९ किलोची. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्याप्रमाणे एक वर्षाच्या मुलीसाठी ७.० किलोच्या खाली कमी वजन धरतात. वहीत ७.२ लिहिले असते तर तिचा ठिपका हिरव्या पट्ट्यात पडला असता. ६.९ लिहिल्यावर तो पिवळ्यात गेला. त्या ३०० ग्रॅमच्या कापडामुळे मुलगी बरी आहे असे समजून आम्ही सगळे घरी गेलो असतो. औषधाचा डोसही किलोमागे इतका असाच ठरतो, त्यालाही खरे वस्तुमानच लागते.

ताईंना फार वाईट वाटले. मी त्यांना माझी दहावीच्या वर्गातली चूक सांगितली, तेव्हा त्या थोड्या हसल्या. काट्याच्या वरच्या बाजूला शून्य लावायचा स्क्रू असतो. झोळी लटकवून तो फिरवला, काटा शून्यावर आणला, आणि त्या सकाळी मोजलेली सगळी मुले पुन्हा बोलावली. अकरा मुले होती. आणखी दोघांचे ठिपके हिरव्यातून पिवळ्यात उतरले. एक तर आधीच पिवळ्यात होता, तो आणखी खाली गेला आणि त्याला आरोग्य केंद्रात पाठवावे लागले.

परत आल्यावर हे मी वर्गात सांगितले. तेव्हा त्याच मुलीने, पेपरवालीने, विचारले, “सर, मग जिथे ओढच जाणवत नाही तिथे मोजायचं कसं? अंतराळवीर तरंगतात, त्यांना काट्यावर उभंच राहता येत नाही.”

आधी एक गैरसमज दूर करू. अंतराळ स्थानकावर पृथ्वीची ओढ संपलेली नसते. चारशे किलोमीटर उंचीवर गुरुत्व त्वरण सुमारे ८.७ असते, इथल्यापेक्षा थोडेच कमी. पण स्थानक आणि त्यातली माणसे सारी एकत्र पृथ्वीकडे पडतच असतात. आडवा वेग प्रचंड असल्यामुळे ती जमिनीला टेकत नाहीत, पृथ्वीभोवती फिरत राहतात. तळहातावर दगड ठेवून तुम्ही उंच काठावरून डोहात उडी मारलीत, तर पाण्याला टेकेपर्यंत तो दगड तळहातावर भार टाकत नाही, कारण दोघेही एकाच वेगाने खाली जात असतात. तसेच ते. ओढ आहे, भार जाणवत नाही.

तेथे वस्तुमान मोजायला भरलेल्या होडीचीच युक्ती वापरतात. अमेरिकेच्या स्कायलॅब या स्थानकात १९७३ साली स्प्रिंगवर पुढेमागे झुलणारी एक खुर्ची होती. अंतराळवीर तिच्यात बसायचा आणि खुर्ची सोडायची. वस्तुमान जास्त असेल तर जडत्व जास्त, म्हणून झोका सावकाश. एका झोक्याला किती वेळ लागला ते मोजून वस्तुमान काढायचे.

आम्ही हे वर्गात करून पाहिले. लोखंड कापायच्या करवतीचे पाते टेबलाच्या कडेला लाकडी पट्ट्यांत घट्ट आवळले, असे की ते वरखाली न होता डावीउजवीकडे झुलेल. म्हणजे पृथ्वीच्या ओढीचा त्यात हात नाही. रिकामे पाते इतके भरभर झुलले की मोजता येईना. टोकाला एक दगड बांधल्यावर झोके मोजता येऊ लागले. दुसरा दगड बांधल्यावर ते आणखी संथ झाले. मुलांनी मोबाइलवर वेळ लावून दहा-दहा झोके मोजले, आणि बाजाराच्या काट्याला हात न लावता कोणता दगड जास्त वस्तुमानाचा ते सांगितले. नंतर स्वयंपाकघरातल्या तागडीवर पडताळून पाहिले. बरोबर होते. सूर्यास्तानंतर वीज गेली तरी मुले कंदिलाच्या उजेडात झोके मोजत बसली होती, हे येथे नमूद करतो, कारण गणिताच्या तासाला तीच मुले डुलक्या घेतात.

त्या मुलीच्या घरी मी गेलो. तिच्या वडिलांना सांगितले की सहामाहीतले हे गुण माझ्या चुकीने गेले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “वर्षअखेरपर्यंत बघू.” पूर्वपरीक्षेत हाच प्रश्न पुन्हा आला, फिरवून विचारलेला. तिने ताणकाटा आणि तागडी यांची चित्रे काढून उत्तर लिहिले. या वेळी तिला विज्ञानात पन्नासच्या वर गुण आहेत. मार्चच्या परीक्षेचा अर्ज आधीच भरलेला आहे.

मागच्या शनिवारी बाजारात ती माझ्याबरोबर भाजी घ्यायला होती. मी सवयीने भोपळ्यावर हात ठेवून विचारले, “मावशी, याचं वजन किती?”

“सर,” ती मागून हळूच म्हणाली, “न्यूटनमध्ये सांगायचं का मावशींनी?”

मावशींनी भोपळा तागडीत टाकला. मी म्हणालो, पारडी बदलून एकदा परत मोजा.